नव्या राउटरवरही स्पीड ९४च : एका घरातल्या राउटर-बदलाचं प्रकरण

घर आणि तक्रार

घर एकाच मजल्यावर, साधारण ९० चौरस मीटरचं आणि काटकोनात वळलेलं. मुख्य दाराशी फायबर येतं. तिथंच ओएनटी बसवलेलं आहे, म्हणजे काचेच्या तंतूतून आलेला संकेत साध्या लॅन केबलवर उतरवून देणारी डबी. ही डबी ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे ती संकेत नुसता पुढं देते, लॉगिन राउटर करतो. डबीपासून १४ मीटर केबल भिंतीतल्या पाइपातून दिवाणखान्यात टीव्हीच्या कपाटापर्यंत जाते आणि राउटर त्या कपाटात आहे. कामाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला : राउटरपासून ११ मीटर, वाटेत विटांच्या दोन भिंती. उपकरणं एकोणीस : चार फोन, दोन लॅपटॉप, डेस्कटॉप, टॅब्लेट, टीव्ही, गेम कन्सोल, प्रिंटर, दोन कॅमेरे आणि सहा स्मार्ट बल्ब-प्लग. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग डेस्कटॉपवर होतं, त्यामुळे डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५० असा पक्का बांधलेला आहे. पुढं हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

राउटर २०१५ साली घेतलेला. वायफाय ४, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, दोन अँटेना, खोक्यावर ठळक '३०० एमबीपीएस'. घेतला तेव्हा प्लॅन ५०चा, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटचा (एमबीपीएस), होता आणि त्या प्लॅनला तो पुरून उरत होता. पुढं प्लॅन १००चा झाला, मग ३००चा, राउटर मात्र तोच राहिला. त्याचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, २०१७मध्ये आलं.

तक्रारी तीन होत्या. प्लॅन ३००चा असून फोनवर ४५च्या वर काही दिसत नाही. कामाच्या खोलीत संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतो. आणि दोन-तीन दिवसांनी कधीतरी इंटरनेट आपोआप जातं, दोन मिनिटांनी आपोआप येतं. घरातल्यांचा निष्कर्ष एकच : राउटर म्हातारा झाला, नवा आणा. निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. नवा राउटर बसवल्यावरही तारेवरचा स्पीड ९४वरच अडकून राहिला. तो का अडकला हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी मोजणी

'नेट स्लो आहे' या एका वाक्यात चार वेगळ्या कड्या दडलेल्या असतात : कंपनीपासून ओएनटीपर्यंतची लाइन, ओएनटीपासून राउटरपर्यंतची केबल, खुद्द राउटर, आणि राउटरपासून उपकरणापर्यंतची हवा. प्रत्येक कडी वेगळी मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. इथं झालेली मोजणी अशी.

ओएनटीला एक मीटरची नवी पॅच कॉर्ड लावून लॅपटॉप थेट जोडला आणि लॅपटॉपवरूनच पीपीपीओई लॉगिन केलं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरला युजरनेम-पासवर्ड दिला. स्पीड २९० आला, म्हणजे लाइन ठीक. मग लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला तारेनं जोडला : ९४. राउटरसमोर दोन मीटरवर फोन : ४५. कामाच्या खोलीत फोन : ९, आणि सिग्नल उणे ७८ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). व्हिडिओ कॉल निर्धोक चालायला सिग्नल उणे ६७च्या आसपास किंवा त्याहून चांगला हवा. उणे ७५च्या खाली गेलं की फोनवर वायफायचे दांडे दिसतात खरे, पण पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि कॉल अडखळतो.

९४ हा आकडा लक्षात ठेवावा. १००च्या इथरनेटवर प्रत्येक पाकिटाबरोबर शीर्षकं आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा जाते, ती वजा केली की प्रत्यक्ष हाती ९३ ते ९५ उरतात. प्लॅन कितीही मोठा असो, तारेवरची मोजणी दर वेळी ९३ ते ९५च्या मध्येच अडकत असेल तर वाटेत कुठंतरी १००ची कडी आहे असं बेलाशक समजावं. वायफायमुळे असा स्थिर आकडा येत नाही. हवेतला आकडा दर मोजणीला हलतो.

जुन्या राउटरची सगळी पोर्टं १०/१००ची, म्हणजे तारेवर जास्तीत जास्त १०० देणारी होती, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं होतं. म्हणजे खोक्यावरचे ३०० हे फक्त हवेतल्या जोडणीचे, तेही ४० मेगाहर्ट्झची पट्टी मिळाली तर, आणि कागदावरचे. आजूबाजूला दहा-बारा वायफाय असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ मिळत नाही. राउटर २०वर उतरतो आणि जोडणीचा कमाल दर १४४ होतो. त्यातले निम्मे हाती लागले तरी पुष्कळ.

आणखी एक मोजणी बहुतेक जण करत नाहीत. नेट मोकळं असताना पिंग, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ६ मिलिसेकंद होतं. एका लॅपटॉपवरून मोठी फाइल अपलोड करायला लावली आणि पुन्हा पाहिलं तर पिंग ३५०. राउटरच्या पोटात पाकिटांची रांग लागते आणि व्हिडिओ कॉलचं लहानसं पाकीटही त्या रांगेत शेवटी उभं राहतं. संध्याकाळी फोनमधले फोटो आपोआप अपलोड होत, नेमके तेव्हाच कॉल तुटत. कॉल तुटण्याचं निम्मं कारण सिग्नल होतं, निम्मं ही रांग.

आपोआप जाणाऱ्या नेटचा शोध

राउटरच्या स्टेटस पानावर 'अपटाइम' लिहिलेला असतो, म्हणजे शेवटचा चालू झाल्यापासूनचा वेळ. नेट गेलं की आधी तोच पाहावा. अपटाइम दिवसांमध्ये चालू आहे आणि तरी नेट गेलं, तर दोष लाइनमध्ये, लॉगिनमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये. अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल आणि कोणी बटण दाबलेलं नसेल, तर राउटर स्वतः बंद पडून उठला आहे. अशा वेळी पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा.

इथं अपटाइम ४१ मिनिटं दाखवत होता आणि दोन दिवसांत कोणी राउटरला हात लावलेला नव्हता. अडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा. नुसता मोजला तर १२.२ व्होल्ट, म्हणजे वरवर उत्तम. राउटर जोडून, वायफायवर डाउनलोड चालू ठेवून मोजला तेव्हा आकडा १०.९पर्यंत खाली येत होता. अशा अडॅप्टरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं सुकतात. भार नसताना ते व्होल्टेज धरून ठेवतात, भार आला की सोडतात. म्हणून अडॅप्टर भाराशिवाय मोजण्यात काही अर्थ नाही.

त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, पिनेचा आकार आणि ध्रुवता सारखी असलेला दुसरा अडॅप्टर लावला. पुढचे आठ दिवस राउटर एकदाही उठला-बसला नाही. तिसरी तक्रार तिथंच संपली. एखाद्या घरात प्लॅन ५० किंवा १००चा असेल, फर्मवेअर अजून येत असेल आणि तक्रार फक्त हीच असेल, तर नवा राउटर घेण्याची गरजच नाही, अडॅप्टर बदलून काम भागतं.

मग बदलायचा का?

या घरात हो, आणि पहिलं कारण स्पीडचं नाही. फर्मवेअर २०१७पासून थांबलेलं होतं. घराच्या जाळ्यातलं बाहेरच्या जगाला सर्वांत आधी दिसणारं उपकरण म्हणजे राउटर. त्यात सापडणारी नवी भोकं बुजवायला कोणी उरलेलं नाही, हे एकच कारण पुरेसं आहे. २०१८च्या मे महिन्यात उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रॅमनं किमान ५४ देशांतले सुमारे पाच लाख राउटर आणि साठवणुकीची यंत्रं काबीज केली होती. त्यात घरगुती राउटरांचा मोठा भरणा होता. राउटर कोणाच्या ताब्यात गेला तर घरात काही बिघडल्यासारखं दिसत नाही, नेट चालूच राहतं. म्हणून या बाबतीत 'चालतंय ना' हा निकष धोक्याचा आहे.

दुसरं कारण १०/१००ची पोर्टं, तिसरं ५ गिगाहर्ट्झ नसणं. तिन्ही कारणं राउटरच्या अंगातली आहेत, सेटिंग बदलून जाणारी नाहीत.

निवड करताना कागदावर आधी अटी लिहिल्या. वॅन (ओएनटीकडची केबल जिथं लागते ते पोर्ट) धरून सगळी पोर्टं गिगाबिट, म्हणजे १०००ची. वायफाय ६, दोन्ही पट्ट्या, प्रत्येकीवर दोन अँटेना. डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत. पीपीपीओई आणि व्हीलॅन (एकाच तारेवरचे वेगळे प्रवाह क्रमांकानं ओळखणं) दोन्हींची सोय. पाकिटांची रांग आवरणारं एसक्यूएम किंवा तत्सम सेटिंग. आणि उत्पादकानं गेल्या सहा महिन्यांत त्या मॉडेलसाठी फर्मवेअर दिलेलं असणं. ही शेवटची अट पाहायला दोन मिनिटं लागतात : मॉडेलच्या डाउनलोड पानावर तारखा असतात. त्याच मॉडेलच्या वेगवेगळ्या हार्डवेअर आवृत्त्या असतात आणि फर्मवेअर आवृत्तीनुसार बदलतं, म्हणून खोक्यावरच्या लेबलवरची आवृत्तीही पाहावी.

नावातल्या आकड्यांनी फसायला होतं. 'एएक्स१८००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५वरचे १२०१ यांची बेरीज, वर गोल केलेली. एक फोन एका वेळी एकाच पट्टीवर असतो, त्यामुळे ही बेरीज कोणत्याही फोनला कधीच मिळत नाही. 'एसी१२००' म्हणजे ३०० अधिक ८६७. या वर्गातल्या अनेक स्वस्त राउटरांना पोर्टं १०/१००चीच असतात, आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवर ते कुठंही लिहिलेलं नसतं. हवेत ८६७ आणि तारेवर १०० असा हा प्रकार आहे. पोर्टांची ओळ वाचल्याशिवाय राउटर घेऊ नये.

वायफाय ७ घेतलं नाही. त्याचं प्रमाणीकरण जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं, पण या घरात ते वापरू शकणारं एकही उपकरण नाही आणि प्लॅन ३००चा आहे. मेशचा, म्हणजे घरभर एकाहून जास्त वायफाय डब्या लावण्याचाही मोह टाळला. दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये दुसरी डबी पहिलीशी हवेतूनच बोलते आणि बराचसा वेग त्या बोलण्यात खर्च होतो. ९० चौरस मीटरच्या घरात राउटरची जागा सुधारणं हा त्याहून चांगला उपाय आहे. टीव्हीच्या कपाटातून राउटर मधल्या बोळाच्या भिंतीवर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर न्यायचं ठरलं. तिथून कामाची खोली सहा मीटरवर येते आणि वाटेत एकच भिंत उरते. त्यासाठी कपाटातल्या केबलच्या टोकापासून सहा मीटर आणि डेस्कटॉपसाठी आठ मीटर कॅट ६ केबल लागली. केबल शुद्ध तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती वाकवताना तुटते आणि काही वर्षांनी सांधे सैल होतात.

बदलाआधीची नोंद

जुना राउटर चालू असतानाच त्याच्या प्रत्येक पानाचे फोटो काढले : पीपीपीओईचं युजरनेम, वॅनचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक), व्हीलॅन क्रमांक असेल तर तो, लॅनचा पत्ता, डीएचसीपीची (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) मर्यादा, बांधून ठेवलेले पत्ते, उघडलेली पोर्टं, वायफायचं नाव आणि पासवर्ड लहान-मोठ्या अक्षरांसकट. पीपीपीओईचा पासवर्ड पानावर ठिपक्यांत दिसतो आणि तो घरात कोणालाच आठवत नसतो. लॅपटॉपवरून लॉगिन करून पाहण्यासाठी तो कंपनीकडून आधीच मागवून घेतला होता, म्हणून बदलाच्या दिवशी अडलं नाही. हे काम कामकाजाच्या वेळेतच करावं. रविवारी रात्री राउटर सोडून बसलं आणि पासवर्ड नाही, हा प्रसंग अगदी नेहमीचा आहे.

नव्या राउटरचं ताजं फर्मवेअरही आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतलं. नेट बंद असताना ते कुठून आणणार?

बदलाचा दिवस

नवा राउटर आधी टेबलावर, लाइन न जोडता तयार केला. लॅपटॉप लॅन पोर्टला जोडून ब्राउझरमधून पान उघडलं. मोबाइल ॲपचा मार्ग टाळला, कारण बहुतेक ॲप सुरुवातीलाच इंटरनेट आणि खातं मागतात. पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड बदलणं, दुसरं फर्मवेअर चढवणं, मग बाकीचं. नव्या राउटरचा मूळ पत्ता १९२.१६८.०.१ होता, तो बदलून जुन्यासारखा १९२.१६८.१.१ केला. असं केलं नसतं तर १९२.१६८.१.५०वर रेकॉर्डिंग पाठवणारे कॅमेरे मुके झाले असते आणि प्रिंटरही सापडला नसता. ओएनटी ब्रिजमध्ये होतं म्हणून हा पत्ता चालला. ओएनटी स्वतः राउटरचं काम करत असेल आणि त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर दोघांत टक्कर होते आणि नवा राउटर 'इंटरनेट नाही' एवढंच सांगत बसतो.

जुना राउटर काढताना थेट प्लग ओढू नये. त्याच्या पानावर जाऊन 'डिस्कनेक्ट' दाबावं आणि मग बंद करावा. प्लग ओढला तर कंपनीकडच्या सर्व्हरला जुनं लॉगिन अजून चालूच आहे असं वाटतं आणि नव्याला तो नकार देतो. इथं नेमकी तीच चूक झाली. नव्या राउटरनं 'ऑथेंटिकेशन फेल' दाखवलं, पासवर्ड तीनदा तपासला गेला, तो बरोबरच होता. ओएनटी आणि राउटर दोन्ही बंद ठेवून दहा मिनिटं थांबल्यावर लॉगिन पहिल्या झटक्यात झालं. काही कंपन्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता बांधून ठेवतात. तिथं थांबून उपयोग नसतो, मॅक क्लोन करावा, म्हणजे जुन्याचा मॅक पत्ता नव्यावर चढवावा लागतो किंवा कंपनीला फोन करून नोंद बदलावी लागते. एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १५००ऐवजी १४९२ बाइट ठेवला, कारण पीपीपीओईचं शीर्षक पाकिटातले ८ बाइट खातं.

नव्या राउटरसोबत १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा अडॅप्टर आला होता. जुन्याचा १ अँपिअरचा अडॅप्टर त्याला हुबेहूब बसतो, पण तो लावू नये. राउटर चालू होईल, दिवेही लागतील आणि वायफायवर भार आला की तो पुन्हा आपोआप उठू-बसू लागेल. कपाटात अडॅप्टर शेजारी शेजारी पडलेले असतात, म्हणून जुन्यावर लगेच चिठ्ठी चिकटवली.

फायबरच्या बारीक वायरीला या साऱ्या कामात हात लावायचं कारण नसतं. ती तीव्र वाकली किंवा तिच्या टोकाला बोट लागलं तरी लाइन बिघडू शकते. ओएनटीवरचा एलओएस, म्हणजे संकेत हरवल्याचा, दिवा लाल झाला तर राउटरची सेटिंग चाळत बसू नये, दोष फायबरच्या बाजूला आहे.

९४चा दुसरा धनी

लॉगिन झालं, लॅपटॉप तारेनं जोडला, मोजलं : ९४. नवा राउटर, गिगाबिट पोर्टं, आणि आकडा तोच.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पोर्टसमोर '१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स' लिहिलेलं होतं. ओएनटी गिगाबिटचं, राउटर गिगाबिटचा, उरली मधली केबल. भिंतीतल्या केबलच्या दोन्ही टोकांचे जॅक काढून पाहिले तेव्हा आठपैकी चारच तारा भरलेल्या दिसल्या : १, २, ३ आणि ६. बाकीच्या चार आवरणाखाली मागं दुमडून टाकलेल्या होत्या. १००च्या इथरनेटला दोनच जोड्या पुरतात, त्यामुळे ५० आणि १००च्या प्लॅनच्या काळात ही बचत कधी उघडी पडली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्या नसल्या तर दोन्ही टोकं मुकाट्यानं १००वर समझोता करतात आणि कुठंही लाल दिवा लागत नाही.

पहिल्या मोजणीत हे का सुटलं? लॅपटॉप ओएनटीला जोडताना नवी पॅच कॉर्ड वापरली आणि भिंतीतली केबल परीक्षेतून वगळली गेली. दुसऱ्या मोजणीत ती केबल होती, पण तिथं १०/१००चा जुना राउटरही होता, आणि ९४चा सगळा दोष त्याच्या माथी गेला. सारख्याच रुंदीच्या दोन चिंचोळ्या जागा एकामागं एक असल्या की पहिली दुसरीला झाकते. उपाय एका मिनिटाचा होता : जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमधून निघालेली केबल तशीच लॅपटॉपला लावायची आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग वाचायचा. तो १००० ऐवजी १०० दिसला की केबल दोषी. स्पीड टेस्टही लागत नाही, लॉगिनही लागत नाही.

दोन्ही टोकं नव्यानं क्रिम्प केली, म्हणजे आठही तारा नव्या जॅकमध्ये घालून दाबून बसवल्या. त्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते : दुमडलेल्या तारा खरंच मोकळ्या आहेत ना. एकाच केबलमधून दोन जोडण्या नेण्याची पद्धत जुनी आहे आणि उरलेल्या जोड्यांवर फोन किंवा दुसरा संगणक चालू असू शकतो. इथं त्या मोकळ्या होत्या. जॅकची पितळी बाजू वर आणि तोंड आपल्यापासून दूर, केबल आपल्याकडे धरून डावीकडून क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चौथ्या जागी हिरवा न येता निळा येतो, चूक होते ती तिथंच. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर केबल ओढली की तारा निसटतात. टेस्टरवर १ ते ८ दिवे दोन्ही बाजूंना ओळीनं लागले. कपाटात या केबलला बोळाची नवी केबल एका गिगाबिट जोडणीनं जोडली आणि वॅन पोर्ट १००० दाखवू लागलं. तारेवरची मोजणी : २८८.

वायफायची मांडणी

प्रचलित सल्ला असा की नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, म्हणजे सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. सोय खरी आहे. पण इथला पासवर्ड आठ अक्षरांचा, नऊ-दहा वर्षं वापरलेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेला. उलट, सहा बल्ब-प्लग नव्या नावावर न्यायचे तर प्रत्येक रिसेट करून ॲपमध्ये पुन्हा घालावा लागतो आणि छतातल्या बल्बसाठी शिडी काढावी लागते.

यातून निघालेला मार्ग असा. जुनं नाव आणि पासवर्ड नव्या राउटरच्या पाहुण्यांच्या वायफायला दिला. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, फक्त डब्ल्यूपीए२, आणि घरातल्या बाकी उपकरणांपासून तोडलेलं. माणसांच्या उपकरणांसाठी नवं नाव, सतरा अक्षरांचा नवा पासवर्ड, डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र. सुरुवातीला पाहुण्यांच्या वायफायलाही एकत्रच ठेवलं होतं, तेव्हा सहापैकी चार बल्ब जोडले गेले आणि दोन लुकलुकत राहिले. त्यांच्या स्वस्त चिपला डब्ल्यूपीए३ची घोषणा वाचताच येत नाही. नुसतं डब्ल्यूपीए२ केल्यावर अर्ध्या मिनिटात दोन्ही आले. जुना पासवर्ड असा जिवंत ठेवणं ही तात्पुरती तडजोड आहे. आतली दारं बंद असली तरी तो पासवर्ड माहीत असलेला माणूस नेट वापरू शकतो. म्हणून बल्ब एकेक करून हलवायचे आणि मग ते नाव बंद करायचं, असं ठरवून तारीख लिहून ठेवली. कॅमेरे मात्र पहिल्याच दिवशी नव्या नावावर नेले, कारण तोडलेल्या जाळ्यातून त्यांना डेस्कटॉप दिसला नसता.

२.४वर पट्टी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल ११ ठेवलं. तिथं १, ६ आणि ११ एवढीच तीन चॅनलं एकमेकांना न छेदता राहतात. 'मधलं मोकळं दिसतंय' म्हणून ३ किंवा ९ घेतलं की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकावा लागतो. ५वर राउटरनं आपोआप चॅनल १०० निवडलं आणि टीव्हीला ते नावच दिसेना. ५२ ते १४४ ही चॅनलं रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात : राउटर तिथं बोलायच्या आधी निदान एक मिनिट नुसता ऐकतो, आणि काही जुनी उपकरणं त्या चॅनलांकडे पाहतच नाहीत. चॅनल ३६, पट्टी ८० असं पक्कं केल्यावर टीव्ही लगेच आला.

रांगेचा बंदोबस्त शेवटी केला. एसक्यूएममध्ये दोन्ही दिशांना २७०ची मर्यादा घातली तर अपलोड चालू असतानाचं पिंग ३५०वरून २० मिलिसेकंदांवर आलं, पण डाउनलोड १९०वर घसरला. कारण मर्यादा घातली की पाकिटं हार्डवेअरच्या जवळच्या वाटेनं न जाता प्रोसेसरमधून जातात आणि या वर्गातल्या राउटरचा प्रोसेसर तेवढा दमदार नसतो. मग डाउनलोडची मर्यादा काढली, फक्त अपलोडची ठेवली. डाउनलोड २८०च्या पुढं गेला आणि अपलोड चालू असतानाचं पिंग २५च्या आत राहिलं. खरी रांग अपलोडचीच होती.

दोन आठवड्यांनंतर

बोळात फोनवर २८०, कामाच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर १८०, सिग्नल उणे ६४. डेस्कटॉप तारेवर गेला, त्याच्यासाठी हवेचा प्रश्न उरला नाही. संध्याकाळचे कॉल तुटायचे थांबले. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनवर वायफाय जोडण्याची सोय, बंद केलं. त्यातला आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे तो फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो हे २०११मध्येच उघड झालेलं आहे. बाहेरून राउटरचं पान उघडण्याची सोयही बंद केली. सेटिंगची बॅकअप फाइल लॅपटॉपवर ठेवली. फर्मवेअर आपोआप चढवण्याची वेळ पहाटेची लावली.

जुना राउटर हे दोन आठवडे तसाच ठेवला होता, सेटिंग न पुसता. नव्यात काही बिनसलं असतं तर दहा मिनिटांत मागं जाता आलं असतं. जुना दुसऱ्या खोलीत वायफाय वाढवायला लावावा, असा प्रश्न घरात निघाला. डीएचसीपी बंद करून, लॅनमधून लॅनमध्ये केबल जोडून तसं करता येतं. पण फर्मवेअर थांबलेलं उपकरण पुन्हा हवेत सोडायचं नाही, या कारणानंच तर तो काढला होता. दोन आठवडे झाल्यावर चालू स्थितीत त्याच्या रिसेटच्या छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबून ठेवली. फोनवर त्याचं कारखान्यातलं मूळ नाव दिसू लागलं, म्हणजे लॉगिन आणि पासवर्ड पुसले गेल्याची खात्री झाली. मग त्याला अडॅप्टरसकट ई-कचऱ्यात दिलं. नवं अडॅप्टर नव्हे, जुनं, चिठ्ठी लावलेलं.